अँजिओग्राफी नॉर्मल, तरी ऑपरेशन का? हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाट अडते तेव्हा

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर असतो. वर्षभरापासून जिना चढला की दम लागतो, छाती भरून येते. उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडला. अँजिओग्राफी नॉर्मल आली. टूडी इकोत हृदयाचा पडदा २२ मिलिमीटर जाड आणि ग्रेडियंट ८४ लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, औषधाने भागलं नाही तर मायेक्टमीचं ऑपरेशन करावं लागेल. ब्लॉकेजच नाही तर ऑपरेशन कसलं? एक नातेवाईक म्हणतात, छाती न उघडता अल्कोहोलचं इंजेक्शन देऊन हेच काम होतं. आम्ही काय करावं? आमचे वडील ४५व्या वर्षी झोपेतच गेले. तेव्हा अटॅक आला असं सांगितलं होतं."

ताई, अँजिओग्राफीत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दिसतात. घरात पाणी आणणारे नळ तपासले आणि ते साफ निघाले, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या भावाची अडचण दुसरीकडे आहे. डावा कप्पा दर ठोक्याला रक्त महाधमनीत ढकलतो. त्या दाराच्या अलीकडे, कप्प्याच्या आतच, वाट अरुंद झाली आहे. दोन कप्प्यांमधला पडदा वरच्या भागात जाड होऊन त्या वाटेत फुगून आला आहे. हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपथी असं त्याचं नाव, रिपोर्टवर नुसतं एचओसीएम लिहितात. स्नायू असा जाड होण्याचा आजार साधारण पाचशे माणसांत एकाला असतो. म्हणजे आपल्या सोलापूर शहरातच हजार-दोन हजार लोक निघतील, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल.

आता तो ८४ चा आकडा. ग्रेडियंट म्हणजे अरुंद जागेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. दंडाला पट्टा बांधून भावाचं वरचं प्रेशर १२० येतं, त्याच क्षणी डाव्या कप्प्याच्या आत दाब २०४ च्या आसपास असतो. मधले ८४ त्या अरुंद जागेतून रक्त रेटण्यात खर्ची पडतात. बाहेरून बीपी नॉर्मल आणि आत हृदय दोनशेच्या वर दाबाने राबतंय, म्हणून जिना चढताना त्याला धाप लागते. निरोगी माणसात हा फरक जवळजवळ नसतो. ३० च्या पुढे गेला की अडथळा आहे असं धरतात. ५० किंवा त्याहून जास्त असेल आणि औषधं नीट घेऊनही त्रास जात नसेल, तर ऑपरेशनचा विचार करतात. पडद्याची जाडी एरवी ११ मिलिमीटरपर्यंत असते. बीपीसारखं दुसरं कारण नसताना ती १५ किंवा त्याहून जास्त झाली की हा आजार म्हणायचा. घरात आधी कुणाला असेल तर १३ ला सुद्धा. भावाचे २२ आहेत, त्यामुळे निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

पण हा अडथळा दगडासारखा एका जागी बसलेला नसतो. तो कमी-जास्त होतो, कधी कधी नाहीसाही होतो. हे समजलं की या आजाराचं बाकी सगळं समजतं, म्हणून इथे जरा थांबतो.

भाऊ लूमवर आहे, तर त्याच्याच कामातलं उदाहरण घ्या. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधे फट उघडते आणि त्या फटीतून धोटा पलीकडे जातो. फट पुरेशी उघडली नाही की धोटा अडकतो. डाव्या कप्प्यातही तसंच. कप्पा रक्ताने नीट भरलेला असेल तर तो फुगलेला राहतो, पडदा आणि समोरची मायट्रल झडप यांच्यात फट राहते आणि रक्त निघून जातं. कप्पा कमी भरला, किंवा जोरात आवळला गेला, की फट बारीक होते. बारीक फटीतून रक्त जोरात निघतं आणि जाताना मायट्रल झडपेचं पान आपल्याबरोबर ओढून पडद्यावर चिकटवतं. वाड्याच्या बोळात वारा शिरला की उघडं दार ओढलं जाऊन धाडकन लागतं, तसं. हृदय जितक्या जोराने रक्त बाहेर काढू बघतं, तितकं ते दार घट्ट लागतं. शिवाय ते पान आपली जागा सोडून आल्यामुळे झडप गळते आणि थोडं रक्त मागे फुफ्फुसांकडे जातं. दम लागण्याचं तेही एक कारण आहे.

हे कानानेही ऐकता येतं. असा पेशंट समोर आला की मी त्याला आधी उकिडवं बसायला सांगतो आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवतो. एक मऊ, बारीक फुसकार ऐकू येते. मग म्हणतो, "आता उभे राहा." तो उभा राहतो, पायात रक्त उतरतं, कप्पा कमी भरतो, आणि पाच-सहा ठोक्यांत तीच फुसकार करवतीसारखी खरखरीत होऊन कानात भरते. झडपच कडक झाली असेल तर याच्या उलट होतं, उभं राहिल्यावर आवाज उतरतो. दोन मिनिटांचं काम आहे. यासाठी ना मशीन लागतं ना पैसे. नव्या डॉक्टरांना मी हे आवर्जून करायला लावतो, कारण आडवं झोपवून केलेला इको कधी कधी फसवतो. झोपलेल्या माणसाचा ग्रेडियंट १५ येतो, आणि त्यालाच श्वास रोखून कुंथायला लावलं किंवा चालवून आणलं की ९० होतो. तुमच्या भावाचे ८४ झोपून आलेत की जोर देऊन, हे रिपोर्टवर बघून घ्या. लिहिलेलं नसेल तर विचारा.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, ती तुमच्या घरात होऊ नये म्हणून. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती. रात्री दोनच्या सुमारास चाळिशीचा एक माणूस छातीत दुखतंय म्हणून आला. ईसीजी अटॅकसारखाच दिसत होता. या आजारात तो तसा दिसतो, हे मी वाचलेलं होतं, पण त्या घडीला आठवलं नाही. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली. काही मिनिटांत तो पांढराफटक पडला, घामाने शर्ट भिजला आणि प्रेशर ६० वर आलं. पाय वर उचलून धरले, सलाईन जोरात सोडली, तेव्हा हळूहळू डोळे उघडले. सकाळी इको केला, पडदा २४ मिलिमीटर. सॉर्बिट्रेटने रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. ज्याच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत त्याला त्याने आराम पडतो. या माणसाच्या कप्प्याची उरलीसुरली फट मात्र मी माझ्या हाताने बंद केली होती. तो वाचला. त्या दिवसापासून अशा प्रत्येक पेशंटच्या फाइलवर मी लाल पेनाने लिहितो: सॉर्बिट्रेट देऊ नये.

भावाच्या खिशात किंवा घरात कुणी "छातीत दुखलं तर ठेव" म्हणून ती गोळी दिली असेल तर आजच काढून टाका. बीपीच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, पुरुषांच्या ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या, या सगळ्यांनी त्याचा त्रास वाढू शकतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आजाराचं नाव आधी सांगा, मग दाखवायचं ते दाखवा.

आणि पाणी. भाऊ उन्हाळ्यातच पडला, याचं मला जराही नवल वाटलं नाही. सोलापूरचा मे महिना ४३-४४ अंशांचा, त्यात लूमच्या पत्र्याच्या शेडमधली घामट हवा आणि बारा तासांची पाळी. अंगातलं पाणी गेलं की कप्पा रिकामा होतो आणि फट मिटते. त्याच्यासाठी पाण्याची बाटली हे औषधच आहे. निर्जळी उपवास पूर्ण बंद. जुलाब लागले तर घरी वाट बघत बसू नका. भरपेट जेवून लगेच जिना चढणं किंवा ओझं उचलणं टाळा, जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं आणि पुष्कळांना तेव्हाच त्रास होतो. दारू घेत असेल तर ती सोडायला लावा. चक्कर येतेय असं वाटलं तर उभ्याने भिंत धरून राहण्यापेक्षा तिथेच आडवं व्हायचं आणि पाय वर करायचे.

औषधांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ऑपरेशन ठरवण्याआधी औषधाला पूर्ण संधी मिळाली पाहिजे आणि पूर्ण डोस मिळाला पाहिजे. माझ्याकडे "औषधाने फरक पडला नाही" म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण मेटोप्रोलॉलची सगळ्यात लहान गोळी दिवसातून एकदा घेत असतात. बीटा ब्लॉकर म्हणतात त्या या गोळ्या हृदयाचा वेग आणि जोर दोन्ही उतरवतात. ठोके सावकाश पडले की कप्पा भरायला वेळ मिळतो. बसलेल्या माणसाची नाडी साठच्या आसपास येईपर्यंत डोस वाढवावा लागतो. बीटा ब्लॉकर सोसत नसेल, दमा असेल, तर व्हेरापामिल असतं, पण ग्रेडियंट फार जास्त असेल तर तेही जपूनच द्यावं लागतं. गरज पडली तर डायसोपिरामाइडची जोड देतात. मॅव्हाकॅम्टेन नावाची नवी गोळी अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाली. ती स्नायूचं आवळणंच थोडं ढिलं करते आणि बऱ्याच जणांचा ग्रेडियंट त्याने उतरतो. ती घेताना वारंवार इको करावा लागतो, कारण हृदयाचं पंपिंग जास्तच मंदावू शकतं, आणि बंद केली की अडथळा परत येतो. तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी जरूर बोला.

एवढं करूनही जिना चढवत नसेल, चक्कर येत असेल, तर मग ऑपरेशन. मायेक्टमी म्हणजे पडद्याचा फुगलेला स्नायू कापून काढणं. हे ऑपरेशन साठ-पासष्ट वर्षांचं जुनं आहे. लंडनचे पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड टीअर यांनी १९५८ मध्ये अचानक गेलेल्या तरुण माणसांच्या हृदयांचं वर्णन छापलं, त्यात पडदा एका बाजूने जाड झालेला होता. त्याच सुमारास अमेरिकेत बेथेस्डाला सर्जन अँड्र्यू मॉरो आणि हृदयतज्ज्ञ यूजीन ब्राउनवाल्ड यांना एक कोडं पडलं होतं. तपासणीत दाबाचा मोठा फरक दिसायचा, आणि हृदय थांबवून उघडलं की बोट सहज आत जायचं, अडथळा सापडायचाच नाही. अडथळा हृदय चालू असतानाच होत होता. मग मॉरो यांनी पडद्याचा फुगवटा कापून काढायची पद्धत बसवली, आजही तिला त्यांचंच नाव आहे. त्यांना स्वतःलाही हाच आजार होता आणि १९८२ मध्ये ते त्यानेच गेले.

हे ऑपरेशन मी एकदा शेजारी उभं राहून पाहिलं आहे. पेशंट आपल्याच गावचा, तेव्हा तीस-एकतीसचा. दरवर्षी सिद्धेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारा गडी. त्या वर्षी काठी पुढच्याच्या हाती दिली, दोन पावलं मागे सरकला आणि खाली बसला तो आडवाच झाला. जोर संपल्यावर लगेच येणारी चक्कर या आजारात नेहमी दिसते. लोकांनी उपवासाने झालं म्हटलं. त्याचा ग्रेडियंट ९२ होता. पाच महिने औषधं वाढवत नेली, तरी तळ्याला एक फेरी मारताना तो तीनदा थांबायचा.

छाती मधोमध उघडली. रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतलं आणि हृदय थांबवलं. हृदयाच्या भिंतीला बाहेरून हात लावायचा नसतो. महाधमनीला वर आडवी चीर देतात, झडपेची पानं हलकेच बाजूला धरतात आणि त्या बांगडीएवढ्याही नसलेल्या वाटेतून सर्जन खाली कप्प्यात बघतात. कपाळावरचा दिवा सोडला तर आत सगळा अंधार. पडद्यावर एका जागी पांढुरका, कडक डाग होता. मायट्रलचं पान वर्षानुवर्षं तिथेच आपटून पडलेला तो घट्टा. हातमागावर काम करणाऱ्याच्या तळव्याला पडतो तसाच. सर्जन म्हणाले, "हाच आपला नकाशा." त्या घट्ट्याच्या वरून सुरुवात करून त्याच्या बरंच खाली, कप्प्याच्या मध्यापर्यंत, स्नायूची एक लांबट पट्टी कापली. ट्रेमध्ये ठेवली तेव्हा ती चिंचेच्या बोटुकाएवढी दिसत होती. वजन सात ग्रॅम. एका माणसाचं जगणं अडवून धरायला एवढं मांस पुरतं.

कापण्याच्या जागेला चहूकडून धोके आहेत. उजवीकडे सरकलं तर हृदयाची वीज वाहून नेणारी वायर कापली जाते आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. फार खोल गेलं तर पडद्याला भोक पडतं. कमी कापलं तर अडथळा तसाच राहतो आणि छाती उगाच उघडली असं होतं. भीतीपोटी वरवर, लहान कापणं हीच अननुभवी हाताची नेहमीची चूक असते. म्हणून हृदय पुन्हा सुरू झालं की अन्ननलिकेतून घातलेल्या इकोने तिथल्या तिथे मोजतात. हृदयाला औषधाने मुद्दाम चिडवून पुन्हा मोजतात. त्या दिवशी आकडा ८ आला आणि झडपेची गळतीही थांबली होती. समाधान झालं नाही तर सर्जन पुन्हा मशीनवर घेऊन आणखी कापतात, आणि तसं केलं म्हणजे काही चुकलं असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेशन कोणाकडून करायचं. जे सर्जन हे ऑपरेशन सातत्याने करतात त्यांच्याकडे जिवाचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, पेसमेकर शंभरातल्या दोन ते पाच जणांना लागतो, आणि पुढच्या दहा वर्षांतलं आयुष्य त्याच वयाच्या चारचौघांच्या जवळपास असतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे ऑपरेशन सगळ्यात कमी करणाऱ्या रुग्णालयांत सुमारे १६ टक्के पेशंट दगावले होते, आणि सगळ्यात जास्त करणाऱ्यांत सुमारे ४ टक्के. ऑपरेशन तेच, पेशंट तसेच, आणि फरक चौपट. बायपास उत्तम करणारा सर्जन हेही उत्तम करेल असं गृहीत धरू नका. बायपास रोज होतात. हे ऑपरेशन मोठ्या शहरांतही मोजक्याच हातांना येतं. समोर बसून सरळ विचारा: "सर, गेल्या वर्षी तुम्ही मायेक्टमी किती केल्या? त्यातल्या किती जणांना पेसमेकर लागला?" आपल्याकडे लोकांना हे विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरांचा अपमान होईल असं वाटतं. ज्यांच्या हाताला खरंच सवय आहे ते आकडा लगेच सांगतात. मी सोलापुरातच प्रॅक्टिस करतो, गावाबद्दल मला अभिमान आहे, तरी या एका ऑपरेशनसाठी मी माझे पेशंट पुण्या-मुंबईला, गरज पडली तर राज्याबाहेरही पाठवतो. तपासण्या, औषधं, नंतरची देखभाल हे सगळं इथे होतं.

आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवा. मायट्रल झडप बदलायचं बोलणं निघालं तर "का?" म्हणून विचारा. बहुतेक वेळा स्नायू नीट कापला की झडप आपल्या जागी जाते आणि गळती थांबते. झडपेचाच मूळचा दोष असेल तर गोष्ट वेगळी. नुसता अडथळा काढायला म्हणून चौतिशीतल्या माणसाला धातूची झडप बसवली, तर रक्त पातळ करण्याची गोळी आणि रक्त किती पातळ झालंय हे बघणारी आयएनआरची तपासणी जन्मभराची मागे लागते.

नातेवाईक म्हणतात ते अल्कोहोल इंजेक्शनही खरं आहे. लंडनमध्ये उलरिच सिगवार्ट यांनी १९९४ मध्ये ते पहिल्यांदा केलं. अँजिओग्राफीसारखीच तार घालतात, पडद्याला रक्त देणारी छोटी फांदी शोधतात आणि तिच्यात एक ते तीन मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढा भाग मरतो, पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत पातळ होतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे हा ठरवून, मोजून दिलेला छोटा अटॅकच आहे. वय झालेल्या, किडनी किंवा फुफ्फुसं खराब असलेल्या, मोठं ऑपरेशन न सोसणाऱ्या माणसाला हा चांगला पर्याय आहे, आणि मी तो सुचवतोही. पण ती फांदी योग्य जागी असावी लागते, दर दहातल्या साधारण एकाला पेसमेकर लागतो, पुन्हा करायची वेळ ऑपरेशनपेक्षा जास्त वेळा येते आणि पडद्यात डाग राहतो. भावाचं वय ३४, बाकी प्रकृती धडधाकट. त्याच्या जागी माझा भाऊ असता तर मी त्याला ऑपरेशनच सांगितलं असतं. छातीवरचा व्रण पुढे विसरायला होतो.

इथे एक खुलासा करतो, कारण हे दोन आजार लोक नेहमी एकत्र करतात. साठी-सत्तरीतल्या माणसांना जो "व्हॉल्व्ह आखडलाय" असं सांगतात तो वेगळा. त्यात महाधमनीच्या दाराची झडपच चुना साठून कडक होते. तिथे झडप बदलतात, छाती उघडून किंवा मांडीतून तार घालून. शेजारच्या आजोबांचं मांडीतून झालं म्हणून भावाचंही होईल असं नाही.

आता वडिलांबद्दल. तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलंत, मी पहिलं वाचलं. ४५व्या वर्षी झोपेत गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन झालेलं नसेल तर तो अटॅकच होता असं आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हा आजार घराण्यातून येतो. जाड स्नायूत विजेची गडबड होऊन हृदय अचानक बंद पडू शकतं, आणि हा धोका ऑपरेशनने आपोआप संपतो असं धरून चालता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी भावाचं २४ ते ४८ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचं सलग ईसीजीचं यंत्र, आणि हृदयाचा एमआरआय करून घ्या. वडिलांचं तसं जाणं आणि याचं दोनदा बेशुद्ध पडणं, या दोन गोष्टी मिळून आयसीडी नावाचं यंत्र बसवायचं का, याचा गंभीरपणे विचार करायला लावणाऱ्या आहेत. ते हृदयाची लय बिघडली की शॉक देऊन ती परत आणतं. तुमच्या डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितलं नसेल तर तुम्ही विषय काढा. मधल्या काळात त्याने रात्रपाळी, जड बीम उचलणं आणि एकट्याने लांब गाडी चालवणं बंद करावं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण नेमकं हे ऑपरेशन, त्या रुग्णालयात, कुठल्या पॅकेजमध्ये बसतं, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या. आयसीडीचं वेगळं विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. दाखल्यासाठी अडलेलं ऑपरेशन मी पाहिलेलं आहे.

ऑपरेशननंतर साधारण आठवडाभरात घरी सोडतात. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने, तोवर बादली उचलायची नाही, दुचाकी नाही. बीटा ब्लॉकर बहुतेकांचं चालू राहतं आणि वर्षाला एक इको. छातीत अनियमित धडधड सुरू झाली तर लगेच दाखवायचं, कारण या आजारात ती लय बिघडली की रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. लूमवर तीन महिन्यांनी परत जाता येईल, पण भिंतीशेजारच्या सगळ्यात गरम मागावर नको. मालकाशी बोला, हवी तर मी चिठ्ठी देतो. तो नंदीध्वजवाला आता दर जानेवारीत बाराबंदी घालून मिरवणुकीत चालतो. काठी त्याचा पुतण्या धरतो. पुतण्याचाही इको झालेला आहे, मी स्वतः केला.

तुमच्याही घरात हे आधी व्हायला हवं होतं. हा दोष आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. भावाची मुलं असतील तर ती, आणखी भावंडं असतील तर ती, आणि ताई, तुम्ही स्वतः. तुम्ही भावाबद्दल एवढं सगळं लिहिलंत, स्वतःचा इको झाला की नाही याबद्दल एक शब्द नाही. तुम्हाला दम लागत नसेल, जिना सहज चढत असाल, तरी करायचा, आणि ईसीजीही. पहिला नॉर्मल आला तरी मोठ्यांनी दर तीन ते पाच वर्षांनी आणि मुलांनी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करायचा, कारण स्नायू उशिराही जाड होऊ शकतो. भावाला होल्टर लावायला घेऊन जाल त्याच दिवशी तुमचाही नंबर लावून घ्या.